लंडनमध्ये अडलात तेव्हा कुणाला विचारलंत?

मे महिन्यात आईबाबांना घेऊन आठ दिवस लंडनला चाललेय. व्हिसा, तिकिटं झाली. आता घरात रोज एकच वाद. बाबा म्हणतात, "चौकशीची खिडकी असेलच की," आणि धाकटा भाऊ म्हणतो, "हातात फोन आहे ना!" बघायच्या जागांची यादी नकोय, ती चार जणांनी पाठवून झालीये. तुम्ही तिथे अडलात तेव्हा कुणाला विचारलंत, काय सांगितलं, कुठे फसलात ते लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

ठाणेकर काकू

आम्ही दोघं, तेरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. हीथ्रोला ट्यूबकडे, म्हणजे भुयारी रेल्वेकडे, जाताना टीएफएलचं, म्हणजे तिथल्या शहर वाहतुकीचं, व्हिजिटर सेंटर लागतं. रांग बघून नवरा म्हणाला, चल, कार्ड टॅप करून जाऊ. मी हट्टाने थांबले. काउंटरवरच्या बाईंनी आधी मुलांची वयं विचारली. धाकटी अकराच्या आतली, ती मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये फुकट. थोरल्यासाठी ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, घ्यायला लावलं आणि त्यावर 'यंग व्हिजिटर' सवलत चढवून दिली. 11 ते 15 वयाच्या पाहुण्या मुलांना 14 दिवसांपर्यंत अर्धं भाडं! बँकेच्या कार्डावर ही सवलत मिळत नाही, आणि ऑयस्टरवरही ती कर्मचाऱ्यानेच घालून द्यावी लागते. वीस मिनिटं रांगेत गेली, पण पैसे वाचले ते वाचलेच. नवरा अजून म्हणतो की थांबायचं त्यालाच सुचलं होतं.

एक कार्ड दोन माणसं

आमची फजिती ऐका. बायको टॅप करून आत गेली आणि तेच फॉरेक्स कार्ड तिने मागे माझ्या हातात दिलं. माझ्यासाठी दार काही उघडेना. मागे माणसं तुंबलेली. मी तिकीट खिडकी शोधतोय, तर खिडक्या 2015 सालीच बंद झाल्यात, हे मला कुठे ठाऊक. शेवटी गेटजवळ उभा असलेला गणवेशातला मनुष्य आला आणि शांतपणे म्हणाला, माणशी एक कार्ड. आत शिरताना जे टॅप केलं तेच बाहेर पडताना करा, मध्येच फोन किंवा घड्याळ काढू नका, नाहीतर दोन अर्धवट प्रवास धरून दोन्हीकडे जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. बाबांना सांगा, खिडकी नाही पण माणूस आहे.

मोजणीवाल्यांची लेक

माझे वडील भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त. आयुष्यभर नकाशे हाताळले, त्यामुळे लंडनमध्ये नकाशा त्यांच्या ताब्यात. फुटपाथवर जागोजागी 'लेजिबल लंडन'चे उंच खांब आहेत, पिवळी पट्टी आणि त्याखाली नकाशा. पहिल्याच खांबापाशी बाबांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि जाहीर केलं, "नकाशा चुकीचा लावलाय." कारण उत्तर वर नव्हती! मी म्हटलं फोन बघू, तर नको म्हणाले. खांबाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने बघितलं. तिथला नकाशा पहिल्याच्या बरोबर उलटा. एवढ्यात कुत्रा फिरवायला आलेल्या एका आजोबांनी थांबून सांगितलं, तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात ती दिशा नकाशात वर असते. समोर दिसतं ते वर, पाठीमागचं खाली. नकाशावर एक वर्तुळही असतं, पाच मिनिटांत चालत कुठवर जाता येईल ते दाखवणारं.

बाबा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "उत्तर सोडली हे काही बरोबर नाही. पण सोयीचं आहे." त्यानंतर आठ दिवस आमच्यात वाट तेच दाखवत होते, आणि लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला ट्यूबने निघालेल्या एका पंजाबी कुटुंबाला त्यांनी वर्तुळ दाखवून चालत पाठवलं. तुमचे बाबा कुठल्या खात्यातले आहेत?

गुडघेदुखी

वरच्या ताईंनी कॉव्हेंट गार्डन म्हटलं म्हणून लिहितेय. तिथे लिफ्टला गर्दी होती म्हणून आम्ही गोल जिन्याने निघालो. 193 पायऱ्या! पाटी लावलेली आहे, पंधरा मजल्यांएवढा जिना म्हणून. वाचतंय कोण! सासूबाई नव्वदाव्या पायरीवर बसल्या आणि रामरक्षा म्हणू लागल्या. दुसऱ्या दिवशी व्हिक्टोरियाच्या व्हिजिटर सेंटरमधून पायऱ्या नसलेल्या स्टेशनांचा नकाशा मागून घेतला. त्यात व्हीलचेअरची खूण निळी असेल तर रस्त्यापासून थेट डब्यापर्यंत पायरी नाही. खूण पांढरी असेल तर फक्त फलाटापर्यंत, पुढे डब्यात चढताना उंचवटा असू शकतो. हा फरक आपण होऊन कुणी सांगत नाही. आईंना नेताय तर मागाच.

पावसाळी छत्री

सगळं गोडगोड चाललंय म्हणून एक कडू. मध्यवर्ती भागात माहिती केंद्राची पाटी बघून आत शिरलो. आतल्या मुलाला फुकट बघण्यासारखी संग्रहालयं विचारली, तर त्याने बोट आणि उघड्या बसचं एकत्र तिकीट गळ्यात मारायला सुरुवात केली. तीनदा विचारलं, तीनदा तेच माहितीपत्रक. ब्रिटिश म्युझियमचा कायमचा संग्रह फुकट बघता येतो, हे शेवटी बाहेरच्या कॉफीवाल्याने सांगितलं. तेव्हापासून आत गेल्यावर आधी बघतो, भिंतीवर नकाशा मोठा आहे की दरपत्रक.

नागपूरहून

आम्हाला डॉ. आंबेडकरांचं घर बघायचं होतं. सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या समोर सिटी ऑफ लंडनचं माहिती केंद्र आहे, घडी घातलेल्या कागदी विमानासारखं धातूचं छप्पर. तिथल्या बाईंना ते घर माहीत नव्हतं. पण त्यांनी मान डोलावून वेळ मारून नेली नाही. नावाचं स्पेलिंग विचारलं, संगणकावर शोधलं, आणि नकाशाच्या मागे पेनने लिहून दिलं: सेंट पॉल्सहून सेंट्रल लाइन, टॉटनहॅम कोर्ट रोडला बदला, नॉर्दर्न लाइनची एजवेअरकडे जाणारी गाडी, चॉक फार्मला उतरा. 'एजवेअर'खाली दोन रेघा मारल्या, कारण कॅम्डन टाउनला लाइनला फाटे फुटतात. खरंच, फलाटावर आधी आली ती दुसऱ्या फाट्याची गाडी. ती सोडली.

चॉक फार्मला रुळांवरचा पूल ओलांडला की किंग हेन्रीज रोड. 10 नंबरचं घर. बाबासाहेब 1921-22 मध्ये इथे राहत, महाराष्ट्र शासनाने ते 2015 साली घेतलं. बाहेर निळी गोल पाटी आहे. माझ्या आईने चप्पल दाराबाहेरच काढली. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा तेवढ्या बघून घ्या. तो नकाशा घरी फ्रेम केलाय, मागची बाजू पुढे करून.

जुना प्रवासी

2006 साली लोअर रीजंट स्ट्रीटवर भलंमोठं केंद्र होतं, मी पिशवीभर माहितीपत्रकं आणली होती. ते आता नाही. त्यातली निम्मी माळ्यावर आहेत, हवी तर घेऊन जा.

मे महिन्याची घाई

सगळ्यांचे खूप आभार! बाबा एसटीतले, ट्रॅफिक कंट्रोलर. त्यांना बसनेच फिरायचंय. बसमध्ये सुटे पैसे चालतात ना?

ईस्ट हॅमचा भाडेकरू

नाही. 2014 पासून बसमध्ये रोख घेत नाहीत, कार्डच. पण पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच. आणि स्टॉपच्या खांबावर वर एक अक्षर असतं, ते बघून उभे राहा. एकाच नावाचे चार-पाच स्टॉप असतात, माझे काका 'के'ऐवजी 'एम'वर अर्धा तास थांबले होते. रस्त्यावर 'उजवीकडे बघा' असं रंगवलेलं दिसेल, ते युरोपवाल्यांसाठी. आपल्याला सवय आहेच. बाबा एसटीतले असतील तर बसच्या वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची जागा पकडून द्या, मग ते कुणालाच काही विचारणार नाहीत.