आधी पेनड्राइव्ह बघा
गाडीचा स्टिरिओ पेनड्राइव्हवरची अपडेटची फाइल ओळखत नाही, असं एकाने विचारलं आणि त्याला ‘नवीन सेटच टाका’ असं उत्तर मिळालं. हा सल्ला जरा घाईचा वाटला. ड्राइव्हवर फाइली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती (फॉरमॅट) असतात; ६४ जीबीचा पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट पद्धतीत असतो आणि बरेच जुने सेट फक्त फॅट३२ ही पद्धत वाचतात. घरात पडलेला ८ जीबीचा जुना ड्राइव्ह शोधा, फॅट३२मध्ये फॉरमॅट करा. अपडेटची झिप उघडून आतली फाइल त्यावर टाका, नाव बदलू नका. अपडेट ज्या मॉडेलचं आहे तो नंबर मात्र आपल्या सेटशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा.

माझा शहाणपणा ऐका. मे महिना, सोलापूरचं ऊन, होटगी रोडला गाडीत बसून अपडेट लावलेलं. ७० टक्क्यांवर जीव कासावीस झाला म्हणून एसीसाठी चावी फिरवली. स्टार्टर फिरताना सेटचा करंट क्षणभर तुटला आणि स्क्रीन काळी झाली ती झालीच. आता आधी इंजिन चालू, मग पेनड्राइव्ह. (बंद गॅरेजात नको हं, धूर कोंडतो.)

घरच्या अ‍ॅम्प्लिफायरलाही तेच, अपडेट चालू असताना वीज तुटू देऊ नका. लाइट जायची वेळ टाळा, नाहीतर यूपीएसवर लावा. डीव्हीडी रायटर नव्या कोऱ्या डिस्क नाकारत असेल तरच त्याच्या फर्मवेअरला (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरला) हात लावा.