शब्दचर्चा: ज्या गटाला सदस्यच नाहीत, त्यातल्या माणसांना काय म्हणायचं?

अर्धविराम
एका मासिकासाठी बिल्डरबर्ग बैठकांवरचा, म्हणजे युरोप-अमेरिकेतले नेते, उद्योगपती वगैरे बंद दाराआड जमतात त्या बैठकांवरचा लेख मराठीत करतेय. (बिल्डरांशी काही संबंध नाही. आमच्या संपादकांचा पहिला प्रश्न तोच होता.) मे १९५४ मध्ये नेदरलँड्समधल्या ओस्टरबेकला, हॉटेल दे बिल्डरबर्गमध्ये पहिली बैठक झाली, म्हणून हे नाव.

मी 'बिल्डरबर्गचे सदस्य' असं लिहिलं आणि तपासनिसांनी लाल रेघ ओढली, कारण या गटाला सदस्यच नाहीत. म्हणणं बरोबर आहे. दरवर्षी साधारण १३० जणांना बोलावतात. दोन तृतीयांश युरोपातले, उरलेले उत्तर अमेरिकेतले. पुढच्या वर्षीची यादी वेगळी. खरे सदस्य असतात ते फक्त सुकाणू समितीला, चार-चार वर्षांसाठी निवडलेले. 'सहभागी' म्हटलं की मला रक्तदान शिबिर आठवतं. शब्द सुचवा, गुरुवारी मजकूर द्यायचाय.

बी-विंग सेक्रेटरी
नाममात्र सभासद! सोसायटीत भाडेकरूला करतात तसा. मत नाही, पदाधिकारी होता येत नाही, पार्किंगवरून भांडता मात्र येतं. तुमच्या त्या बैठकीत मतदान होतं का?

अर्धविराम
नाही. मतदान नाही, ठराव नाही, शेवटी पत्रकसुद्धा नाही. पण अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर वर्षानुवर्षं जात होते. त्यांना नाममात्र म्हणायला हात धजत नाही.

पेन्शनर पाणिनी
'आमंत्रित' लिहा. 'निमंत्रित' चुकूनही नको. सिद्धांतकौमुदी या संस्कृत व्याकरणग्रंथात फरक स्वच्छ दिलाय. निमंत्रण म्हणजे टाळता न येणारं, श्राद्धाच्या जेवणाला मुलीच्या मुलाला बोलावतात तसं. आमंत्रण म्हणजे या, नाहीतर राहू द्या. तिथे लोक पदाच्या नात्याने नाही, स्वतःच्या मर्जीने जातात ना? मग आमंत्रितच.

मधली सुट्टी
आमच्या घरी नेमकं उलटं होतं हो. आजीच्या लेखी पोस्टाने पत्रिका आली तर ते 'निमंत्रण', म्हणजे गेलं काय, नाही गेलं काय. 'आमंत्रण' म्हणजे माणूस अक्षता घेऊन उंबऱ्यात उभा. मग जायलाच हवं, ताप असला तरी. आणि निमंत्रण मुळातच सक्तीचं असेल, तर पत्रिकेवर 'आग्रहाचे निमंत्रण' कशाला छापतात?

पेन्शनर पाणिनी
आजीचा आदर राखून सांगतो, पत्रिका छापणारे व्याकरण वाचत नाहीत.

मधली सुट्टी
आणि व्याकरण वाचणाऱ्यांना लग्नाला कोणी बोलवत नाही. 😀

स्वभाषाव्रती
मूळ दुखणं कोणाच्याच लक्षात आलेलं नाही. ताईंनी 'सुकाणू समिती' लिहिलंय. सुकाणू अरबी आहे, सुक्कान. आपल्याकडे संस्कृतात 'कर्ण' म्हणजेच सुकाणू, त्यावरून कर्णधार. शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो काय उगाच? 'कर्णधार समिती' लिहा.

बी-विंग सेक्रेटरी
कर्णधार समिती म्हणजे रोहित, धोनी आणि गांगुली एका टेबलावर.

तांडेलाचा नातू
हर्णैचा आहे, म्हणून बोलतो. आजोबांनी जन्मभर हातात धरलं त्याला ते सुकाणूच म्हणायचे. लाकूड इतकं गुळगुळीत झालं होतं की बोटांच्या जागी खळगे पडले होते. त्यांना जाऊन सांगा, तुमच्या हातात 'कर्ण' आहे. कानाला हात लावून बघितला असता त्यांनी. आणि अरबांकडूनच आला असेल शब्द, तर बिघडलं काय? इंग्रज खलाशांनीही तोच उचलला, सुकाणूवरच्या माणसाला ते 'सीकनी' म्हणत.

शब्दवेल्हाळ
अरबी कशावरून? सु + कर्ण, सुकर्ण, सुकाण, सुकाणू. पर्ण-पान, कर्ण-कान तसंच.

पेन्शनर पाणिनी
मग 'ण' कसा उरला? पर्णाचं पान झालं, पाण नाही.

शब्दवेल्हाळ
वर्णाचं वाण झालं की!

कोरडवाहू
आमच्याकडे हा शब्द २०१७ ला आला. पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप पेटला आणि रोज बातम्यांत सुकाणू समिती. तोवर नगर जिल्ह्यात सुकाणू बघितलंय कुणी? आमच्या वडिलांचा पक्का समज, सुक्या दुष्काळासाठी नेमली म्हणून सुकाणू. अजून तेच सांगतात सगळ्यांना.

शब्दवेल्हाळ
तुमच्या वडिलांची व्युत्पत्ती माझ्यापेक्षा बरी आहे, मान्य.

अर्धविराम
मंडळी, माझा प्रश्न सहभागींचा होता.

निवांत
प्रश्न चुकलाय असं मला वाटतं. शब्द नाही, कारण त्यांना तो नकोच आहे. कुणाला बोलवायचं ते समिती ठरवते, आणि बोलावलेला म्हणतो मी कुठे सदस्य आहे. तिथला नियमच असा की ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं ते सांगू नका. अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या अशाच बड्या मंडळींच्या ट्रायलॅटरल कमिशनची गत उलटी. १९७३ मध्ये डेव्हिड रॉकफेलर यांनी सुरू केलं. तिथे रीतसर सदस्य आहेत, सरकारात पद मिळालं की सदस्यत्व सोडावं लागतं. पण मराठीत 'त्रिपक्षीय आयोग' लिहिलं की लोक विचारतात, थकबाकी कधीपासून मिळणार?

स्वभाषाव्रती
'थकबाकी'तलं बाकी अरबी.

निवांत
🙏

अर्धविराम
मजकूर गेला. संपादकांनी सगळीकडे 'पाहुणे' करून टाकलं. "बिल्डरबर्गचे सुमारे १३० पाहुणे."

कोरडवाहू
आमच्याकडे पाहुणे म्हणजे सोयरे. म्हणजे या १३० जणांच्या एकमेकांत सोयरिकी आहेत?

अर्धविराम
तसंही म्हणणारे आहेत.

तांडेलाचा नातू
ते असू द्या. वर्णाचं वाण म्हणणारे कुठे गेले? वाण संक्रांतीचं की बियाण्याचं?