प्रेक्षक कमी, कॅमेरावाले जास्त हवेत

विज्ञान चित्रपट महोत्सवात मुलं एसीत बसून वेफर्स खातात आणि विज्ञान पडद्यावरच राहतं, असं इथे एकाने म्हटलंय, ते निम्मं पटलं. नुसतं दाखवलं तर तसंच होणार. पण राष्ट्रीय विज्ञान चित्रपट महोत्सवात सहावी ते बारावीच्या मुलांनी स्वतः केलेल्या फिल्मसाठी वेगळा विभाग असायचा, त्याबद्दल इथे कुणी बोललंच नाही.

आमच्या इंदूरला रामबागेत मागच्या दिवाळीच्या सुटीत गल्लीतल्या पोरांकडून दोन-दोन मिनिटांच्या फिल्म करून घेतल्या. भाचीने विषय घेतला, मोहरी का तडतडते. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेम लावून पोह्यांची फोडणी टिपायची. लेन्सवर तेल उडालं, ताईची बोलणी खाल्ली (ती वेगळीच फिल्म झाली असती), पण सातव्या खेपेला दाणा फुटताना नेमका सापडला. आतल्या पाण्याची वाफ होते आणि टरफल फाटतं, हे मग तिला दोनदा सांगावं लागलं नाही. उलट तिनेच विचारलं, "मामा, मग जिरं का नाही उडत?" घरातले दोन्ही इंजिनिअर गप्प.