चिंग राजवटीतील चीन: यंत्रे आली, कारखाने उभे राहिले, तरी 1895 चा पराभव का टळला नाही?

प्रश्न – गंगापूर रोडचा वाचक

नमस्कार. नाशिकमध्ये आमचे एक लहानसे वाचन मंडळ आहे. पुढील महिन्यात मला तेथे चीनच्या एकोणिसाव्या शतकातील ‘स्व-बळकटी’ चळवळीवर बोलायचे आहे. वाचन बरेच झाले आहे, पण एका ठिकाणी मन अडकून पडले आहे.

दुसरे अफू युद्ध आणि थायफिंग हे देशांतर्गत मोठे बंड या दोन आघातांमुळे, 1861 पासून, चीनच्या मोठ्या प्रांताधिकाऱ्यांनी पाश्चात्त्य पद्धतीची शस्त्रे देशातच बनवण्याचा ध्यास घेतला. झेंग ग्वोफान आणि ली होंगझांग यांनी 1865 मध्ये शांघायला जिआंगनान शस्त्रकारखाना काढला, पुढच्याच वर्षी झुओ झोंगतांग यांनी फूचौ येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने जहाजबांधणीची गोदी सुरू केली, आणि 1880 च्या दशकात जर्मनीत बांधलेल्या ‘दिंगयुआन’ आणि ‘झेनयुआन’ या सात हजार टनांहून मोठ्या चिलखती युद्धनौका बेयांग, म्हणजे उत्तरेकडील, आरमारात दाखल झाल्या. जपानमधील मेजी राजवट 1868 ची, म्हणजे आरंभ चीनने आधी केला होता. तरीही 1894-95 च्या युद्धात चीन जपानपुढे हरला.

‘जुनाट विचारांचे अधिकारी आणि राजवाड्यावर उधळपट्टी करणारी राजमाता’ हे नेहमीचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. प्रत्यक्ष कारखान्यात, गोदीत आणि छावणीत काय घडत होते, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर 1 – सातपूरचा टूलरूमवाला

तीस वर्षे सातपूर औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम केले असल्यामुळे मी या प्रश्नाकडे भट्टी आणि गेज यांच्या बाजूने पाहतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण शांघायचे नाही, हानयांगचे आहे.

झांग झिदोंग हे बडे प्रांताधिकारी दक्षिणेत ग्वांगझौ येथे असताना त्यांनी इंग्लंडमधून पोलाद कारखान्याची यंत्रसामग्री मागवली. तिच्यात बेसेमर कन्व्हर्टर, म्हणजे वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद बनवणारी भांडी, होते, आणि त्यांचे अस्तर आम्लधर्मी होते. 1889 मध्ये झांग यांची बदली यांगत्से काठच्या वुचांगला झाली आणि नियोजित कारखानाही त्यांच्याबरोबर तिकडे गेला. नदीपलीकडे हानयांग येथे तो उभा राहिला आणि 1894 मध्ये भट्टी पेटली. लोहखनिज जवळच्या दाये येथील होते आणि ते उत्तम प्रतीचे होते, पण त्यात फॉस्फरस होता. आम्लधर्मी अस्तराच्या कन्व्हर्टरमधून फॉस्फरस निघून जात नाही. तो पोलादात राहतो आणि पोलाद ठिसूळ करतो. रेल्वेचे रूळ बनवण्यासाठी उभारलेल्या कारखान्याचे रूळच त्यामुळे भरवशाचे ठरले नाहीत. शिवाय भट्टीसाठी योग्य कोक (भाजलेला दगडी कोळसा) जवळ मिळत नसल्याने तो दुरून, काही वेळा थेट युरोपमधून, आणावा लागे.

1896 मध्ये उद्योजक-अधिकारी शेंग श्वानह्वाय यांनी कारखाना चालवायला घेतला आणि कोळशासाठी फिंगश्यांगच्या खाणी विकसित केल्या. पुढे 1904 मध्ये खनिज आणि पोलादाचे नमुने परदेशात नेऊन तपासल्यावर दोषाचे मूळ नीट कळले, आणि फॉस्फरस काढून टाकणाऱ्या, अल्कधर्मी अस्तराच्या सीमेन्स-मार्टिन पोलादभट्ट्या बसवण्यात आल्या. भट्टी पेटल्यापासून हे होईपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला होता. जी तपासणी यंत्राची मागणी नोंदवण्यापूर्वी व्हायला हवी होती, ती इतक्या उशिरा झाली.

हे वाचताना मला माझा स्वतःचा अनुभव आठवतो. मी उमेदवारी करत असताना आमच्या कारखान्यात उष्णतोपचाराची एक महागडी भट्टी आली होती. आमच्या डायचे पोलाद कोणत्या प्रतीचे आहे हे कोणी आधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे कित्येक आठवडे प्रत्येक डायला बारीक तडे जात होते आणि दोष मात्र कामगारांच्या हाताला दिला जात होता. हानयांगच्या कामगारांच्या वाट्याला काय आले असेल, याची कल्पना मी म्हणूनच करू शकतो.

जिआंगनानचे दुखणे वेगळे होते. अमेरिकेत शिकलेले युंग विंग यांनी तेथून आणलेली यंत्रे चांगली होती आणि कारागीर तर कुशल होतेच. पण तेथे बनलेली रेमिंग्टन पद्धतीची बंदूक आयात बंदुकीपेक्षा महाग पडे, आणि ती तयार होऊन सैन्याच्या हाती जाईपर्यंत युरोप पुढच्या नमुन्याकडे वळलेला असे.

उत्तर 2 – देवळालीचा निवृत्त तोफची

टूलरूमवाल्यांनी कारखान्याची बाजू फार नेमकी मांडली आहे. मी पैसा आणि दारूगोळा यांविषयी लिहितो, कारण तोफखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या युद्धातील सर्वांत वेदनादायक गोष्ट दारूगोळ्याचीच वाटते.

थायफिंग बंड मोडण्यासाठी 1853 पासून अंतर्गत व्यापारावर ‘लीजिन’ नावाची जकात सुरू झाली. ती प्रांतांनी वसूल केली आणि बंड शमल्यावरही मुख्यतः प्रांतांच्याच हाती राहिली. शस्त्रकारखानेही याच रीतीने वाढले. जिआंगनान शांघायच्या सागरी जकातीतील हिश्शावर चाले, तर फूचौची गोदी फूज्यानच्या जकातीवर. सर्व कारखान्यांनी एकच बंदूक, एकच काडतूस आणि एकच माप वापरावे, हे ठरवणारे आणि अमलात आणणारे समर्थ केंद्रीय खाते नव्हते. त्यामुळे 1894 मध्ये चिनी सैन्याकडे माउझर, रेमिंग्टन, स्नायडर, मार्टिनी अशा नाना तऱ्हेच्या बंदुका होत्या, तर जपानी सैन्याचा भर मुख्यतः स्वदेशी मुराता बंदुकीवर होता. एका तुकडीची काडतुसे शेजारच्या तुकडीला चालत नसतील, तर कोठार भरलेले असूनही सैनिक रिकाम्या हाताने उभा राहतो.

आरमाराचीही तीच गत होती. बेयांग, नानयांग, फूज्यान आणि ग्वांगदोंग अशी चार आरमारे चार ठिकाणच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली होती. 23 ऑगस्ट 1884 रोजी फ्रेंचांनी फूचौजवळ फूज्यान आरमाराचा अल्पावधीत नाश केला, तेव्हा उत्तरेचे आरमार मदतीला आले नव्हते. दहा वर्षांनी जपानशी बेयांग आरमार लढत असताना नानयांग आरमार दूर राहिले. फेब्रुवारी 1895 मध्ये वेहायवेय या बेयांग आरमाराच्या तळावर शरणागतीची बोलणी चालू असताना ‘ग्वांगबिंग’ ही नौका ग्वांगदोंग आरमाराची असल्याने ती परत मिळावी, अशी विनंती जपानी सेनापतीला करण्यात आली होती. मला हा प्रसंग हास्यास्पद वाटत नाही. त्या अधिकाऱ्यांना ज्या व्यवस्थेत वाढवले गेले होते, तिच्यात ती विनंती रास्तच होती.

17 सप्टेंबर 1894 च्या यालू नदीच्या मुखाजवळील आरमारी लढाईत ‘दिंगयुआन’ आणि ‘झेनयुआन’ यांच्यावर शेकडो गोळे आदळले, तरी त्यांचे मुख्य चिलखत भेदले गेले नाही. मात्र त्यांच्या 305 मिलिमीटरच्या क्रुप तोफांसाठी स्फोटक गोळे पुरेसे नव्हते. समोर जपानी जहाजांवर झटपट मारा करणाऱ्या नव्या तोफा होत्या, आणि चिनी आरमारासाठी परदेशातून जहाजे व तोफा विकत घेणे 1891 मध्ये अर्थखात्याने थांबवले होते. चीनच्या पाच नौका गेल्या. जपानची एकही बुडाली नाही.

उत्तर 3 – इतिहासाची विद्यार्थिनी, पंचवटी

वरील दोन्ही उत्तरांविषयी आदर ठेवून मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. 1895 ही रेघ ओढून आपण या चळवळीचा हिशोब बंद करतो, त्यामुळे माणसांच्या घडणीकडे दुर्लक्ष होते.

जिआंगनान कारखान्यात 1868 पासून भाषांतर विभाग होता. श्यू शौ आणि इंग्रज भाषांतरकार जॉन फ्रायर यांनी तेथे रसायनशास्त्रातील मूलद्रव्यांना चिनी नावे दिली, आणि त्यांतील अनेक आजही वापरात आहेत. हेच श्यू शौ आणि ह्वा हेंगफांग यांनी त्यापूर्वी स्वतः वाफेचे जहाज बांधले होते. मराठीत शास्त्रीय परिभाषा घडवताना काय कष्ट पडतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

1872 पासून 120 मुलांना चार तुकड्यांत अमेरिकेला शिकायला पाठवले गेले. ती फार अमेरिकी होत चालली, या भीतीने 1881 मध्ये बहुतेकांना शिक्षण अर्धवट सोडून परत बोलावण्यात आले. हा निर्णय मला हानयांगच्या भट्टीपेक्षाही मोठी चूक वाटतो, कारण भट्टी बदलता येते. येल विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेले झान तियानयू त्यांच्यापैकीच होते. परतल्यावर त्यांना रेल्वेऐवजी फूचौच्या आरमारी शाळेत पाठवले गेले. पुढे 1905 ते 1909 या काळात त्यांनीच बीजिंग-झांगजियाकौ रेल्वेमार्ग बांधला. तीव्र चढावर गाडी उलट दिशेने वळवून नेण्याची जी युक्ती त्यांनी छिंगलोंगछियाओ येथे वापरली, तशीच आपल्या कसारा घाटातही एके काळी वापरली जात होती.

गंगापूर रोडचा वाचक

तिघांचेही मनापासून आभार. एक शंका उरते: राजमाता त्सशी यांनी उन्हाळी राजवाड्यासाठी आरमाराचा पैसा वळवला, हे कारण कितपत धरावे?

देवळालीचा निवृत्त तोफची

पैसा वळवला गेला, हे खरे आहे. किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण तो सगळा आरमाराला मिळाला असता, तरी तो चारांपैकी एका आरमाराला मिळाला असता, आणि काडतुसांचा गोंधळ तसाच राहिला असता. राजवाड्याला एक परिच्छेद द्यावा आणि लीजिनला चार, असे मी सुचवीन.

सातपूरचा टूलरूमवाला

व्याख्यानात दाये खाणीचा पुढचा भाग अवश्य सांगावा. युद्ध संपवणाऱ्या शिमोनोसेकीच्या तहाने चीनवर 20 कोटी तैल (चांदीचे चिनी वजन) इतकी खंडणी बसली आणि तिचा काही भाग जपानने यावाता येथील सरकारी पोलाद कारखान्यासाठी वापरला. तो कारखाना 1901 मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याच्या भट्टीत दायेचे खनिजही होते, कारण त्याचा करार 1899 मध्येच झाला होता. हानयांगला जे खनिज पचवता येत नव्हते, ते यावाताला जहाजाने जात होते.

आणि हानयांगच्या शस्त्रकारखान्यालाही विसरू नका. जर्मन 1888 च्या नमुन्यावरून तेथे 1895 च्या सुमारास जी बंदूक बनू लागली, ती 1937 नंतरच्या जपानविरोधी युद्धातही चिनी सैनिकांच्या खांद्यावर होती.