मदत हवी आहे: पुण्यात डिस्क गोल्फ कुठे खेळता येईल?

मंडळी, भाचीला डिस्क गोल्फ शिकवतोय. गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडूऐवजी तबकडी, आणि ती कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत टाकायची. सध्या पहाटे तळजाईवर जुन्या बादलीवर नेम धरतो. उजव्या हाताने फेकलेली तिची तबकडी शेवटी डावीकडे वळून झुडपात शिरते. फिरायला आलेल्या आजी-आजोबांची मला फार काळजी वाटते. ड्रायव्हर (लांब फेकायची तबकडी) बाजूला ठेवून फक्त पटर (जवळच्या फेकीची तबकडी) दिला, तेव्हापासून बराच फरक आहे.

सकाळी गर्दी नसलेलं, ५०-६० मीटर मोकळं मिळेल असं मैदान किंवा बाग कुणाला माहीत आहे का? परवानगी कुणाकडे मागायची? आणि साखळ्यांची टोपली बनवून देणारा फॅब्रिकेशनवाला असेल तर नक्की सांगा. तबकडी साखळ्यांवर आदळल्यावरचा तो खणखणाट तिला एकदा ऐकवायचाय.