आईबाबांना घेऊन ४-५ दिवस कॅरिबियन बेट, त्रिनिदाद करावं की बार्बाडोस?

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो, एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. आईबाबा जानेवारीत तीन महिन्यांसाठी त्याच्याकडं चाललेत आणि मी पण फेब्रुवारीत दोन आठवडे जाणार आहे. आम्हा तिघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा आहे. भाऊ म्हणतोय थंडीत घरात बसून काय करणार, चार-पाच दिवस एखाद्या कॅरिबियन बेटावर जाऊन येऊ. पण कुठलं बेट यावरून घरात एकमत होईना.

बाबा ६९, रिटायर्ड शिक्षक, पलूसकडं थोडा ऊस आहे आणि क्रिकेट म्हणजे जीव की प्राण, त्यांना बार्बाडोसचं किंवा त्रिनिदादचं ग्राउंड बघायचंय. आई ६४, पक्की शाकाहारी, गुडघे दुखतात, औदुंबर आणि नरसोबाच्या वाडीला नेमानं जाणारी. तिला बीचवर नुसतं बसून राहायला अजिबात आवडणार नाही, तिला माणसं पाहिजेत, देऊळ पाहिजे. भाऊ म्हणतो पाच दिवसांत दोन बेटं उरकू, मला ते काही पटेना. आणि कुणीतरी सांगितलं की त्रिनिदादला जाऊन आलं की भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं सर्टिफिकेट मागतात. खरं आहे का? गेलेल्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

माहुलीकर (सातारा)

बाकी सगळं नंतर, आधी भावाचा पासपोर्ट उघडून एच-वन-बी चा स्टॅम्प कधीपर्यंत आहे ते बघा. कागदावर मुदत वाढलेली असते पण पासपोर्टमधला स्टॅम्प जुनाच असतो, बऱ्याच जणांचं असं होतं. कॅनडा-मेक्सिकोला थोडे दिवस जाऊन आलं तर संपलेल्या स्टॅम्पवर परत घेतात पण कॅरिबियन बेटांना एच-वन वाल्यांसाठी ती सवलत नाही. आमच्या जावयांचं नेमकं हेच झालं, बार्बाडोसचं सगळं बुकिंग झालेलं, निघायच्या सहा दिवस आधी लक्षात आलं, हॉटेलचे पैसे तर गेलेच पण मुलीचा चेहरा उतरला तो मला अजून आठवतो.

मग आम्ही पोर्टो रिकोला गेलो. ते अमेरिकेचाच भाग आहे, त्यामुळे स्टॅम्पचा प्रश्न येत नाही, डॉलर तेच, फोनचं कार्ड पण तेच. सान हुआनचा एल मोरो किल्ला बघून मला आपला अजिंक्यतारा आठवला, फरक एवढाच की हा थेट समुद्रात घुसलेला. स्पॅनिश लोकांनी १५३९ साली बांधायला घेतला, भिंती बघून थक्क व्हायला होतं. एल युंकेचं पावसाचं जंगल पण केलं. पण खरं सांगतो, शाकाहारी माणसाचे तिथं हाल होतात, सौ. चार दिवस भात, राजमा आणि तळलेल्या केळ्यांवर होत्या. स्टॅम्प संपलेला असेल तरच तुम्ही हा पर्याय घ्या.

मिरजकर ताई

विश्रामबागकर दादा, तुमच्या आईंचं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. त्रिनिदादच करा, डोळे झाकून. आमचे मिस्टर तिथं प्रोजेक्टवर होते, मी दीड वर्ष राहिलेय.

कारापिचैमा म्हणून गाव आहे, तिथं ८५ फुटी हनुमान आहे हे सगळे सांगतात, पण तो ज्या आवारात उभा आहे ते दत्तात्रेयाचं ठिकाण आहे हो! मैसूरच्या दत्तपीठाशी संबंधित, बांधणी दक्षिणी, पण आत गेल्यावर मला वाडीचीच आठवण आली आणि रडूच फुटलं. तिथून जवळच वॉटरलूला समुद्रातलं देऊळ आहे. सिवदास साधू नावाचे एक ऊसमजूर होते, त्यांनी आधी साखर कंपनीच्या जागेत देऊळ बांधलं, ते पाडलं आणि त्यांना तुरुंगात टाकलं. मग ते म्हणाले समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही ना, आणि सायकलवरून दगड-सिमेंट वाहून वाहून वर्षानुवर्षं समुद्रात भर टाकत पुन्हा देऊळ उभं केलं. तिथं उभं राहून तुमच्या आईंना ही गोष्ट सांगा. दोन्ही देवळं एका सकाळीत होतात, फार चढ-उतार नाही.

तुमच्या बाबांना पण उसाचं सांगा. ३० मे १८४५ ला फतेल रझाक नावाचं जहाज पहिले भारतीय मजूर घेऊन तिथं लागलं, नंतर १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक उसाच्या मळ्यांसाठी. आता तिथं ऊस जवळपास संपला, सरकारी साखर कंपनी २००३ ला बंद झाली. पण माणसं आहेत. आपल्यासारखीच दिसतात, बोलतात वेगळं इंग्लिश, आणि वडिलांच्या आईवडिलांना आजा-आजी म्हणतात. शेजारची पोरगी पहिल्यांदा ‘आजी’ म्हणाली तेव्हा मी चमकूनच बघितलं!

खाण्याची काळजी सोडा. डबल्स म्हणजे दोन मऊ हळदीचे ‘बारा’ (पुरीसारख्या तळलेल्या रोट्या) आणि त्यात छोले, सकाळी गाडीवर मिळतात, तिखट किती विचारतील तेव्हा ‘स्लाइट’ म्हणायचं, त्यांचा मिरचीचा सॉस आपल्या ठेच्याला भारी पडतो. रोटीत भोपळा, बटाटा, भाजी सगळं मिळतं. संध्याकाळी कॅरोनीच्या दलदलीत बोटीनं जा, दुपारी चारच्या सुमारास निघतात, बसूनच बघायचं असल्यानं गुडघ्यांना त्रास नाही. सूर्य मावळताना लालभडक आयबिस पक्षी थव्यानं झाडांवर उतरतात, हिरवं झाड बघता बघता लाल होतं. डासांचं क्रीम विसरू नका.

कृष्णाकाठ (वाई)

लसीचं स्पष्ट करतो, कारण यात लोक उगाच घाबरतात. भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत त्रिनिदाद आहे (त्याच देशाचं दुसरं बेट टोबॅगो नाही). पण सर्टिफिकेटचा प्रश्न तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर येतो. आईबाबा नंतर महिनाभर न्यू जर्सीत राहणार, त्यांना अडचण नाही. तुम्ही मात्र दोनच आठवडे आहात, तेव्हा त्रिनिदाद पहिल्या आठवड्यात करा म्हणजे मध्ये सहा दिवस जातील. नाहीतर निघण्याच्या किमान दहा दिवस आधी पुण्या-मुंबईतल्या अधिकृत सरकारी केंद्रात लस घ्यावी लागेल. आईबाबा साठीच्या पुढचे आहेत, त्या वयात ही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नसते, त्यामुळे दाट जंगलातले ट्रेक प्लॅनमधून काढूनच टाका.

भारतीय पासपोर्टला त्रिनिदाद आणि बार्बाडोस दोन्हीकडे टुरिस्ट म्हणून व्हिसा लागत नाही. मिलिटरी प्रिंटचे कपडे दोन्हीकडे बेकायदा आहेत, भावाला सांगा. आणि फेब्रुवारी म्हणताय तर त्रिनिदादच्या कार्निव्हलच्या (रस्त्यावरचा मोठा उत्सव) तारखा बघून घ्या, अ‍ॅश वेन्सडे या ख्रिस्ती उपवासाच्या दिवसाआधीचा सोमवार-मंगळवार, त्या आठवड्यात राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला रूम मिळणं मुश्किल आणि रेट पण डबल.

माहुलीकर (सातारा)

एक राहिलं. त्रिनिदादला गुन्हेगारी आहे, २०२४ च्या डिसेंबरअखेर आणीबाणी लावली होती त्यांनी. म्हातारी माणसं बरोबर आहेत, अंधार पडल्यावर फिरू नका, गाडी हॉटेलकडूनच ठरवा. या बाबतीत बार्बाडोस निवांत वाटतं. तिथं हॅरिसन्स केव्हमध्ये ट्राममधून बसून गुहा बघता येते, आणि केन्सिंग्टन ओव्हल, जिथं २९ जून २०२४ ला आपण वर्ल्डकप जिंकला.

मिरजकर ताई

हो, रात्रीचं बरोबर आहे, आम्ही पण सातनंतर बाहेर पडायचो नाही. दिवसा मला कधी भीती वाटली नाही. दादा, असं करा, तीन रात्री त्रिनिदाद आणि दोन टोबॅगो. विमानानं जेमतेम अर्धा तास. टोबॅगोला नायलॉन पूल म्हणून जागा आहे, भर समुद्रात कमरेएवढं पाणी, काचेच्या तळाच्या बोटीनं नेतात.

आणि पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल मैदान! १९७१ ला आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते इथं, गावस्करांची पहिली टेस्ट, मालिकेत ७७४ रन. १९७६ ला ४०३ चा पाठलाग केला तो पण इथंच. मैदान क्लबच्या मालकीचं आहे, आत जायचं असेल तर आधी ईमेल करून विचारा.

विश्रामबागकर (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाचा स्टॅम्प बघितला, पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत आहे. बार्बाडोस राहू दे, त्रिनिदाद-टोबॅगो फिक्स केलं, कार्निव्हल टाळून आणि माझ्या पहिल्याच आठवड्यात. जेएफकेवरून थेट फ्लाइट आहे, साधारण पाच तास.

काल रात्री बाबांना ओव्हलचं वाचून दाखवलं. ते म्हणाले १९७१ च्या आधीचं सांग की. भारताचा पहिला वेस्ट इंडीज दौरा १९५३ चा, आणि कॅप्टन विजय हजारे, आपल्या सांगलीत जन्मलेले. पाच टेस्ट झाल्या, चार ड्रॉ, बार्बाडोसची तेवढी हरलो, आणि पाचांतल्या दोन ह्याच क्वीन्स पार्क ओव्हलवर. मला यातलं काही माहीत नव्हतं. आई तोवर दत्ताच्या देवळाचा फोटो मोठा करून बघत होती, तिनं एवढंच विचारलं की गुरुवारी जाता येईल का. ताई, गुरुवारी उघडं असतं ना ते?

मिरजकर ताई

मी गुरुवारीच जायचे. सकाळी लवकर जा.