इंदूर : केमोवरच्या मुलांसाठी राहायच्या खोल्या, सुरुवात कुठून करावी?

स्नेहलतागंज_ताई
नमस्कार मंडळी. एम.वाय. रुग्णालयापासून जवळच एका जुन्या घराच्या तळमजल्यावरच्या चार खोल्या आमच्या मंडळाला मिळाल्यात. केमोथेरपी चालू असलेली मुलं आणि त्यांचे आईवडील, बहुतेक खरगोन-बडवानीकडचे, दोन-तीन आठवडे राहतील. खोली १२ × १४ फूट. रंगारी कार्टून काढायला तयार आहे. देणगीत दोन पोती सॉफ्ट टॉईज आणि चार खसचे कूलर आलेत. आधी काय करू?

वॉर्ड_सिस्टर
ताई, कूलर आणि सॉफ्ट टॉईज दोन्ही परत करा. केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या की हवेतली साधी बुरशीही फुप्फुसात घर करते. कूलरची टाकी आणि ओली खस म्हणजे तिचं माहेरच, आणि वारा थेट पोराच्या तोंडावर. मे महिन्यात नुसत्या पंख्यावर भागत नाही, तेव्हा लहान एसी २५-२६ वर ठेवा आणि जाळी दर पंधरवड्याला धुवा. कुंड्या, फुलदाण्या खोलीबाहेर.

खेळणी कडक प्लास्टिकची, एका मुलाला एक डबा. मूल खोली सोडून घरी परतलं की आधी साबणाने धुवायची, मग १ लिटर पाण्यात ५ टक्के हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) २० मिली घालून १० मिनिटं बुडवायची, शेवटी साध्या पाण्यातून काढायची. या पाण्यात ॲसिड किंवा फिनाईल कधीच मिसळू नका. दाबल्यावर चीं करणारी खेळणी नकोत, त्यांच्या पोटात पाणी साचून काळं होतं.

राजेंद्रनगर_वास्तू
तोडफोड सगळी एका दमात उरका. जुन्या भिंती फोडल्या की धुळीबरोबर बुरशीचे बीजाणू उडतात. ओलं पुसून होईपर्यंत एकही मूल आत नको. अर्ध्या खोल्या चालू आणि अर्ध्यांत काम, हा मोह सगळ्यांना होतो, तो टाळा.

फरशीवर २ मिमी व्हिनाईल, जोड वितळवून बंद केलेले, भिंतीवर ४ इंच चढवलेलं, म्हणजे कोपऱ्यात घाण अडकत नाही. पण तळमजला आहे, ओल तपासा. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने फरशीला लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर थांबा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात व्हिनाईल फुगेल.

पैसे कमी असतील तर चित्रांवर नको, आईच्या झोपण्यावर घाला. बहुतेक ठिकाणी तिला खुर्ची मिळते, आणि तिसऱ्या रात्री तीच आजारी पडते. खिडकीखाली सव्वासहा फूट लांब, अडीच फूट रुंद बाक, वर ४ इंचाचा ४० डेन्सिटीचा फोम, रेक्झिनचं कव्हर. तिच्या उशाशी वेगळा दिवा आणि चार्जिंगचा प्लग. खिडकीचा उंबरा २ फुटांवर आणा, पडल्या पडल्या झाड दिसलं पाहिजे. गज उभेच लावा, फट ४ इंचांपेक्षा कमी. आडव्यांवर पोरं चढतात.

संडासाचं दार बाहेर उघडणारं हवं. चक्कर येऊन मूल दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार सरकतच नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशी.

भिंतीला पिवळा, हिरवा गडद रंग नको. उजेडाला त्याची झाक येते. मग कावीळ आहे की भिंत, कळत नाही.

समुपदेशन_वडोदरा
दोन गोष्टी राहिल्या. या खोलीत सुई कधीच नको, ड्रेसिंगसुद्धा दुसरीकडे. एकदा इथे टोचलं की पलंगाचा भरवसा गेला. आणि आईवडिलांशी बोलायच्या खोलीतून बाहेर पडायची वाट खेळायच्या जागेतून नसावी. सुजलेले डोळे पोरं लगेच ओळखतात. आरसा काढून टाकू नका, लपवलंय हे त्यांना कळतं. फक्त पलंगासमोर लावू नका. दारांवर नंबर नकोत, आंबा, पोपट, मासा अशी चिन्हं द्या. धाकट्या भावंडांनाही आपली खोली सापडते.

स्नेहलतागंज_ताई
स्वयंपाकघर खोल्यांना लागूनच आहे, चालेल? आणि रंगाऱ्याला नाही म्हणू का?

राजेंद्रनगर_वास्तू
फोडणीच्या वासानं मळमळ वाढते. मध्ये आपोआप मिटणारं दार आणि थेट बाहेर फेकणारा एक्झॉस्ट लावा. रंगाऱ्याला छत द्या, पण आधी स्वतः पलंगावर आडवं पडून जागा ठरवा. पंख्याच्या पात्यांआड चित्र आलं तर ते दिवसभर लुकलुकत राहतं.